निःशब्द लाटेचा शोधक : आरिस्तीदिस लेआंव

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचा परिचय करून देण्याचा परिपाठ आहे. सावित्रीबाई झाल्या, डॉ. आनंदीबाई जोशी झाल्या, रमाबाई रानडे झाल्या. आपल्या तळेगावच्या सरसेनापती उमाबाई दाभाडे यांच्यावर तर दोनदा लिहून झाले. यंदा संपादिकाबाईंनी हे काम माझ्याकडे सोपवले, तेव्हा मी सुचवलेले नाव ऐकून त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. ब्राझील देशातील एक शास्त्रज्ञ, आरिस्तीदिस लेआंव. मेंदूच्या शास्त्रात हे नाव जगभर विख्यात आहे. त्यांनी शोधलेली क्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणाच्या कानावर आलेले नाही. तरी मी हट्ट सोडला नाही. आपल्या मासिक सभेत दर वेळी निदान दोघीतिघी कपाळाला रुमाल बांधून बसलेल्या असतात, आणि आपल्या गावात अशीही घरे आहेत की जेथे फेफऱ्याचे नाव दार लावून घेतल्यावरच काढले जाते. या दोन्ही दुखण्यांच्या मुळाकडे जाणारी एक वाट या गृहस्थांना सापडली, आणि तीही दुसरेच काही शोधत असताना.

लेआंव यांचा जन्म ३ ऑगस्ट १९१४ रोजी रिओ डी जानेरो या शहरी झाला. ब्राझील ही पोर्तुगीजांची जुनी वसाहत, त्यामुळे तेथील भाषा पोर्तुगीज. मूळच्या गोव्याकडच्या ज्या भगिनी आपल्या मंडळात आहेत, त्यांना या नावातला शेवटचा नाकातला उच्चार सहज जमेल. (आपल्या लाडवातला काजूही मूळचा ब्राझीलचाच, पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला.) लेआंव या शब्दाचा अर्थ सिंह. आमचे चरित्रनायक मात्र गर्जना करणाऱ्यांपैकी नव्हते. मोजके बोलणे, मोजके लिहिणे आणि हाती घेतलेली गोष्ट वर्षानुवर्षे न सोडणे, असा त्यांचा पिंड होता.

साव पावलो येथे ते वैद्यकाच्या अभ्यासक्रमाला दाखल झाले, परंतु क्षयाने गाठले आणि शिक्षण मध्येच थांबले. तो काळ १९३० नंतरच्या दशकाचा. क्षयावर औषध असे नव्हतेच. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा. विश्रांती, दूध, चांगली हवा आणि दैव यांवरच सारी भिस्त. मुंबईची माणसे जशी हवापालटासाठी आपल्या तळेगावला आणि लोणावळ्याला येत, तसे लेआंव डोंगराळ भागातल्या बेलो होरिझोंते या गावी जाऊन राहिले. ऐन तारुण्यातली ती वर्षे बिछान्यावर गेली. त्यांतून ते उठले ते डॉक्टरकी करण्याचा नाद सोडून, शरीर चालते कसे हेच शोधायचे असे ठरवून. १९४१ मध्ये ते अमेरिकेत बोस्टनजवळच्या हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि १९४३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी बोस्टन हे अपस्माराच्या अभ्यासाचे मोठे केंद्र होते. डोक्याला तारा लावून मेंदूतील विजेचा आलेख कागदावर उतरवण्याची विद्या तेव्हा नवी होती, आणि फेफऱ्याच्या वेळी तो आलेख कसा उसळतो हे हॅलोवेल डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथेच दाखवून दिले होते. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध फेफऱ्यावर चालते हेही बोस्टनमध्येच सिद्ध झाले. आजही ते आपल्या औषधांच्या दुकानांत मिळते. डेव्हिस आणि मेक्सिकोचे आर्तुरो रोझेनब्लूथ यांच्या हाताखाली लेआंव काम करू लागले. विषय ठरला तो असा, की भूल दिलेल्या सशाच्या मेंदूवर हलकासा विजेचा स्पर्श करावयाचा, कृत्रिम फेफरे आणावयाचे आणि ते मेंदूच्या पृष्ठभागावर कसे पसरते ते मोजावयाचे. सशाचे नाव काढताच काही जणींच्या अंगावर काटा येईल हे मी जाणते. पण आज आपल्या घरी येणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटामागे असे कितीतरी मुके जीव आहेत, हे सत्य झाकून तरी काय साधणार?

सशाच्या मेंदूवर ओळीने बारीक तारा बसवल्या. एका टोकाला विजेचा स्पर्श केला. आता आलेखावर मोठमोठ्या उसळ्या दिसणार, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात झाले ते उलटेच. पहिल्या तारेचा आलेख सपाट झाला. मेंदूचा तेवढा भाग जणू गप्प बसला. थोड्या वेळाने दुसरी तार गप्प, मग तिसरी. पाचदहा मिनिटांनी पहिली तार पुन्हा हळूहळू बोलू लागली, तेव्हा पलीकडच्या तारा अजून निःशब्द होत्या.

एखाद्याने यंत्र बिघडले म्हणून ते झटकून पुन्हा लावले असते. प्रबंधाची मुदत, परका देश, महायुद्धाचे दिवस. नको ते निष्कर्ष बाजूला सारण्याचा मोह कोणालाही झाला असता. लेआंव त्या शांततेच्याच मागे लागले. विजेऐवजी काचेच्या कांडीने नुसता स्पर्श करूनही ती निघते हे त्यांनी पाहिले. ती दर मिनिटाला दोनतीन मिलिमीटर पुढे सरकते हे मोजले. म्हणजे तांदळाच्या एका दाण्याएवढे अंतर कापायला तिला सुमारे दोन मिनिटे लागतात! ती जाते तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात हेही त्यांनी टिपले. १९४४ मध्ये त्यांनी हे सारे प्रसिद्ध केले आणि क्रियेला नाव दिले स्प्रेडिंग डिप्रेशन, म्हणजे पसरत जाणारी मंदता. मनाच्या उदासीनतेला आपण जे डिप्रेशन म्हणतो, त्याच्याशी याचा संबंध नाही, हे आताच सांगून ठेवते. नाहीतर उगाच घोटाळा व्हायचा.

ही मंदता म्हणजे नेमके काय, हे नंतरच्या शास्त्रज्ञांनी उलगडले. मेंदूतील प्रत्येक पेशी पोटॅशियम आत आणि सोडियम, म्हणजे आपल्या मिठातले द्रव्य, बाहेर ठेवण्यासाठी रात्रंदिवस राबत असते. या आतबाहेरच्या फरकावरच तिची वीज चालते. एखाद्या जागी हा बांध फुटला, की मीठ आत शिरते, पोटॅशियम बाहेर सांडते आणि पेशीची वीजच संपते. सांडलेले पोटॅशियम शेजारच्या पेशीला भिडते, तीही ढासळते. पंगतीत एकीचे पाण्याचे भांडे लवंडावे, तिचे पान भिजावे, तो ओघळ शेजारणीच्या पानाकडे जावा, आणि तिने दचकून पाट मागे सारताना तिचेही भांडे लवंडावे, तसा हा प्रकार आहे. पुन्हा सारे पुसून पाने मांडायला वेळ लागतो, तशीच पेशींनाही मीठ बाहेर उपसायला काही मिनिटे लागतात. फेफऱ्यात मेंदूच्या पेशी एकदम गलका करतात. या लाटेत त्या एकामागून एक मूक होतात. मी शाळेत शास्त्र शिकवीत असे, त्यामुळे मला ही दोन्ही दृश्ये चांगली ठाऊक आहेत. वर्गात फार गलका झाला की त्यापाठोपाठच कधी कधी चिडीचूप होते. मेंदूतही दोहोंचे मूळ अतिरिक्त उत्तेजनातच आहे.

आता अर्धशिशीकडे वळू. चरकाच्या ग्रंथात अपस्माराचे चार प्रकार सांगितले आहेत आणि अर्धे डोके दुखण्याचेही वर्णन आहे. दोन्ही दुखणी माणसाइतकीच जुनी. अर्धशिशीच्या काही रोग्यांना डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे करवतीच्या दात्यांसारखी झगझगीत रेघ दिसते. ती हळूहळू मोठी होत बाजूला सरकते आणि तिच्या मागे काहीच दिसेनासे होते. वीस मिनिटे, अर्धा तास असे चालून मग ठणका सुरू होतो. गंमत अशी, की कार्ल लॅशली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला हा त्रास होता. त्याने आपल्याच दृष्टीतली ती रेघ वेळ लावून कागदावर काढली आणि गणित केले, की मेंदूच्या दृष्टीच्या भागावरून काहीतरी मिनिटाला ३ मिलिमीटर या गतीने सरकत असले पाहिजे. हे त्याने १९४१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी लेआंव हार्वर्डला पोचले होते. रॉबर्ट मॉरिसन यांच्यासमवेत १९४५ मध्ये लिहिलेल्या लेखात लेआंव यांनी अर्धशिशीचा संबंध सुचवलाही. परंतु लॅशलीचा आकडा आणि लेआंव यांचा आकडा शेजारी शेजारी मांडून त्यांतले साम्य दाखवले ते कॅनडातील पीटर मिलनर यांनी, १९५८ मध्ये. लाटेच्या अग्रभागी पेशी क्षणभर उसळतात, ती झगझगीत रेघ. मागे शांतता, तो अंधार. दोन कुलपांना एकच किल्ली लागावी तसे झाले, पण ती किल्ली फिरवायला १४ वर्षे लागली.

पदवी मिळाल्यावर लेआंव अमेरिकेत राहिले नाहीत. कार्लोस शागास फिल्यो यांनी १९४५ मध्ये रिओ येथे जीवभौतिकी संस्था काढली, तेथे ते रुजू झाले आणि आयुष्यभर त्याच शहरात काम करीत राहिले. १९४७ मध्ये त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. मेंदूचे रक्त तोडले असता जो विद्युत्-बदल होतो, त्याच जातीचा बदल या लाटेतही होतो. त्या वाक्याचे मोल पुढे पक्षाघाताच्या अभ्यासकांना कळले. पण १९५० नंतर काही नामांकित शास्त्रज्ञांनी शंका घेतली, की ही लाट खरी नव्हेच. मेंदू उघडा पडून सुकला म्हणून तसे होते. लेआंव यांनी वाद घालत बसण्याऐवजी शिष्य तयार केले. त्यांच्यापैकी इस मार्तिन्स-फेरेइरा यांनी कोंबडीच्या पिलाच्या डोळ्यातील पडद्यावर हीच लाट नुसत्या डोळ्यांना दिसते असे दाखवले. त्या पडद्याचा पारदर्शकपणा लाट जाताना बदलतो, त्यामुळे पाण्यावर उठणाऱ्या वलयासारखी ती सरकताना दिसते.

लेआंव यांचे निबंध संख्येने थोडे आहेत. आजच्या विद्यापीठांत लेखांची मोजदाद चालते, त्या हिशेबाने त्यांना कदाचित बढतीही मिळाली नसती. प्रयोगशाळेबाहेर त्यांना वेड होते ते पक्ष्यांचे. दुर्बीण घेऊन रानात जावे आणि तासन् तास पाहत राहावे. आपल्या गो. नी. दांडेकरांना गडकिल्ल्यांचे होते तसे म्हणा ना. ज्याला झाडाखाली निमूट बसून पाखराची वाट पाहता येते, त्यालाच मिनिटाला ३ मिलिमीटर चालणारी लाट दिसावी, यात मला तरी नवल वाटत नाही.

१९६७ ते १९८१ ते ब्राझीलच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. त्या वर्षांत देशावर लष्करी राजवट होती. १९७० मध्ये तेथील ओस्वाल्दो क्रूझ संस्थेतल्या दहा शास्त्रज्ञांना सरकारने काढून टाकले. अशा दिवसांत अकादमीची खुर्ची सांभाळणे ही तारेवरची कसरत होती, आणि ती त्यांनी १४ वर्षे केली. १४ डिसेंबर १९९३ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी ते निवर्तले.

माणसाच्या मेंदूत ही लाट उठते याचा पक्का पुरावा पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. डेन्मार्कमध्ये १९८१ मध्ये अर्धशिशीच्या वेळी रक्तप्रवाह मंदावत सरकतो असे दिसले होते, ते त्यांनी ऐकले असेल. पण नूशिन हाजीखानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआय यंत्रात, झगझगीत रेघ दिसत असतानाच एका रोग्याच्या मेंदूचे चित्रण केले ते २००१ मध्ये. लाट मिनिटाला साडेतीन मिलिमीटर सरकत होती. या चमूची प्रमुख एक स्त्री होती, हे आपल्या स्मरणिकेत नोंदवलेच पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे चरित्र लिहावयास घेतले तिच्याकडे येते. ती सुखाची नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी पंचविशीच्या आतला मुलगा होता. वर्षातून तीनचार वेळा मोठे फेफरे येई. कारखान्यात रात्रपाळी, गोळ्यांची धरसोड. एके सकाळी आई उठवायला गेली तो तो पालथा निजलेला, अंग थंड. कोणी हृदयविकार म्हटले, कोणी बाहेरचे म्हटले. त्या माउलीला अजून वाटते की आपण रात्री का जागलो नाही. अशा मरणाला वैद्यकात निश्चित स्थान आहे, हे तिला आधी कोणी सांगितलेच नव्हते. अपस्मार असलेल्या हजार प्रौढांमागे वर्षाला सुमारे एक जण असा अकस्मात जातो. मुलांत हे प्रमाण साडेचार हजारांत एक इतके कमी आहे. ज्यांना मोठी, सर्वांग आखडून झटके देणारी फेफरी वर्षातून तीन किंवा अधिक येतात, त्यांना धोका पंधरा पट अधिक. २०१३ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या रुग्णालयांतील नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. आलेख चालू असतानाच रोगी गेले, अशा त्या नोंदी होत्या. मोठे फेफरे संपल्यावर मेंदूचा आलेख सपाट झाला, मग श्वास थांबला आणि त्यामागून हृदय. बहुतेक घटना रात्रीच्या, आणि बहुतेक रोगी पालथे.

हे ऐकून तुम्हांला सशाच्या मेंदूवरचा तो सपाट आलेख आठवला असेल. शास्त्रज्ञांनाही आठवला. मानेच्या वर, मेंदूच्या देठाशी श्वास आणि हृदय चालवणारी केंद्रे आहेत. ह्यूस्टन येथील इसामु आइबा आणि जेफ्री नोबेल्स यांनी २०१५ मध्ये उंदरांत असे दाखवले, की फेफऱ्यानंतर लेआंव यांची लाट त्या देठापर्यंत पोचली तर तीच केंद्रे मूक होतात. २०१९ मध्ये हॉलंडमध्ये एका आनुवंशिक अर्धशिशीचा दोष असलेल्या उंदरांतही तेच आढळले. त्या अर्धशिशीत अंगाची एक बाजू तात्पुरती लुळी पडते आणि तिचे जनुक १९९६ पासून ठाऊक आहे. अर्धशिशी, फेफरे आणि झोपेतले मरण या तीन गोष्टी अशा एका सूत्रात आल्या. उंदरांवरचा हा निष्कर्ष माणसाच्या बाबतीत अजून अनुमानाच्या पायरीवर आहे. आणि साध्या अर्धशिशीच्या भगिनींनी मुळीच घाबरू नये. त्यांची लाट मेंदूच्या वरच्या पटलावर उठते आणि तिथेच विरते. ती देठाकडे उतरत नाही.

मग घरात काय करावयाचे? मोठी फेफरी थांबवणे हाच मुख्य उपाय, आणि तो रोजच्या गोळीत आहे. सहा महिने बरे गेले म्हणून गोळी मनाने बंद करणे हे सर्वांत धोक्याचे. झोपमोड आणि उपाशी पोट या दोहोंमुळे फेफरेही येते आणि अर्धशिशीही उठते. तेव्हा हरतालिकेचा निर्जळी उपास आणि मंगळागौरीचे जागरण अशा मुलीला सक्तीने घडवू नये. देवीला त्याचा राग येत नाही. फेफरे आले असता घड्याळ पाहावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्या, डोक्याखाली पदराची घडी ठेवावी. तोंडात चमचा, पाणी काही घालू नये. वहाण आणि कांदा हुंगवू नये. तेवढ्या वेळात रोग्याला कुशीवर वळवणे होते. पाच मिनिटांत थांबले नाही तर १०८ ला फोन करावा. थांबले तरी उठून जाऊ नये, श्वास नीट चालला आहे ना हे शेजारी बसून पाहावे, कारण वर सांगितलेल्या नोंदींत मरण आले ते फेफरे संपल्यानंतर. ज्यांना डोळ्यांपुढे झगझगीत रेघ दिसून अर्धशिशी उठते, त्यांनी गर्भनिरोधक गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. त्यांत पक्षाघाताचा धोका थोडा वाढतो.

लग्नाचे सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही, कारण गोळ्या लपवण्याचे कारण आपल्याकडे बहुधा तेच असते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार हा विवाहाला अडसर ठरवला होता. डॉक्टरांनी आणि रोग्यांच्या संघटनांनी खटपट केली आणि १९९९ मध्ये तो शब्द हिंदू विवाह कायद्यातून व विशेष विवाह कायद्यातूनही काढून टाकण्यात आला. कायद्याच्या पुस्तकातून तो गेल्याला पाव शतक होऊन गेले. तरी मागच्याच वर्षी पत्रिका जुळवायला निघालेल्या एका घरातून मला विचारणा झाली, की पाहण्याच्या दिवशी मुलीची गोळी चुकवली तर चालेल का, म्हणजे तिचे डोळे जड दिसणार नाहीत. मी नाही म्हणून सांगितले, आणि मुलाकडच्यांना आधीच सर्व सांगा म्हणूनही सांगितले. दोन स्थळे गेली. तिसऱ्याने होकार दिला आहे. मुलाच्या आईला स्वतःला अर्धशिशी आहे.